रिमोटची उजवी बाजू

यवतमाळच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनपर्यंत जे म्हणाल ते भरून देते. आठ वर्षं झाली. उर्वशीनं भरलेला अर्ज परत आला असं कोणी दाखवून द्यावं, मी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावीन. जिभेनं मी तिखट आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आधार कार्ड घरी विसरून कोणी लाइनीत उभा राहिला की त्याची चांगली खरडपट्टी काढते. पण काम चोख. अशी ही मी, अन् मीच एक अर्ज मुद्दाम दाबून ठेवला. तोही माझ्या सख्ख्या नवऱ्याचा. कशाचा म्हणाल तर व्हिडिओ गेमच्या रिमोटचा. हसू नका, मला तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं.

राजदीप, म्हणजे माझा नवरा, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होता. अडीच वर्षांपूर्वी बोरी अरबला मावसभावाचा मंगलपरिणय आटपून एकटाच मोटरसायकलनं परत येत होता. रस्त्यात रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, धिप्पाड जनावर. ते निघून गेलं, हा पडला. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण उजव्या खांद्यातल्या नसा उपटल्या गेल्या. नागपूरला दोन ऑपरेशनं झाली. हात आहे, बोटं आहेत, सगळं जागच्या जागी आहे, फक्त त्यातलं काही हलत नाही. गळ्यातल्या पट्ट्यात तो हात घेऊन फिरतो.

गेमचं वेड त्याला आधीपासूनचं. त्याचा मित्र प्रफुल्ल पुण्याला गेला तेव्हा आपली गेमची मशीन याच्याकडे ठेवून गेला. तेव्हा मी किती बोलले असेन त्या मशीनला! अपघातानंतर मात्र आठ महिने तिच्यावर धूळ बसली, अन् ती चालू व्हावी असं आता मलाच वाटायचं. हा बोलणं विसरल्यासारखा झाला होता. जेवलास का, तर हो. दुखतं का, तर नाही. एवढ्यावर दिवस जायचा. सासूबाई म्हणायच्या, वेळ लागतो. किती वेळ लागतो ते कोणीच सांगत नव्हतं.

एका संध्याकाळी दुकानातून आले तर हा पलंगाच्या कडेला बसून रिमोट मांडीत दाबून डाव्या हातानं दोन्हीकडची बटणं दाबू पाहत होता. कपाळावर घाम. मी पर्स टाकली, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले अन् रिमोटची अर्धी बाजू माझ्या हातात घेतली. तू सांग, मी दाबते, एवढंच म्हटलं.

तेव्हापासून आमचं तसंच चालू झालं. डाव्या अंगठ्यानं तो पडद्यावरच्या माणसाला चालवायचा, उजवी बटणं माझी. उडी, मार, दरवाजा उघड. सुरुवातीला इतके भांडलो की शेजारच्या कुंदाकाकू दोनदा विचारायला आल्या. मी उशिरा दाबायची, माणूस दरीत. मी लवकर दाबायची, तरी माणूस दरीत. सहा महिन्यांनी त्याला सांगायची गरजच उरली नाही. त्याचा श्वास थांबला की उडी, खांदा सरकला की मार, हे मला कळायला लागलं. अन् मुख्य म्हणजे त्या तासाभरात तो बोलायचा. चिडायचा, टोमणे मारायचा, "काय झोपली का तू?" म्हणून ओरडायचा. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, पण तिथं बसले की मीही अरे-तुरेवर यायची. दिवसभर लोकांची कागदपत्रं चिवडून माझे डोळे चुरचुरायचे, तरी मी त्या तासासाठी पळत घरी यायची. खरं सांगते, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही मला त्याचा एवढा सहवास मिळाला नव्हता.

या उन्हाळ्यात त्याला नवीन नाद लागला. पुढच्या पिढीची मशीन येणार, ती कशी असेल, तिचा रिमोट कसा असेल, याचे व्हिडिओ तो रात्रंदिवस पाहायला लागला. कोणाला चित्र अजून खरं दिसायला पाहिजे, कोणाला बॅटरी जास्त चालायला पाहिजे. आमच्या रिमोटची अंगठ्यानं फिरवायची दांडी झिजली होती, तिला हात न लावताही माणूस आपला डावीकडं सरकत राहायचा, तर तसं नव्या रिमोटमध्ये होणार नाही म्हणे. मलाही विचारलं, तुझी अपेक्षा काय? मी म्हटलं, बटणांच्या फटीत चिवडा जाऊ नये. त्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मग त्याला बंगलोरच्या एका छोट्या कंपनीची माहिती सापडली. नव्या मशीनसाठी, पण जुनीलाही चालेल, असा रिमोट ते बनवत होते की ज्याचे भाग सुटे होतील, जिथं हवे तिथं लागतील, एका हातानं खेळता येईल. त्यांना देशभरातून वीस खेळाडू हवे होते. रिमोट आधी त्यांच्या घरी येणार, त्यांनी सांगितलं तसे बदल होणार. अर्जात चोवीस प्रश्न, उत्तरं कोणत्याही भाषेत, सोबत स्वतःच्या कल्पनेचं चित्र काढून जोडायचं.

राजदीप पंधरा दिवस त्याच कामाला लागला. एकदा मी पोळ्यांना बसले तर परातीतली अर्धी कणीक गायब. पाहते तर खिडकीत वाळत ठेवलेला गोळा, त्यावर याच्या पाच बोटांचे ठसे. आपला डावा हात किती जागा घेतो, कोणत्या बोटाखाली कोणतं बटण यावं, ते त्यानं कणकेवर दाबून पाहिलं होतं. शिलाई मशीनला असतो तसा एक पायटा त्यानं कागदावर उजव्या पायाखाली काढला होता. मी कणकेवरून बोलले खरी, पण तो गोळा टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं. आठ महिने तोंड न उघडलेला माणूस गालाला कणीक लावून मला समजावून सांगत होता.

चोवीस उत्तरं त्यानं डाव्या अंगठ्यानं मोबाइलवर टाइप केली, फोटो काढले अन् सगळं मला पाठवून म्हणाला, तूच भर, तुझ्याएवढं चांगलं कोणी भरत नाही. मी दुकानात बसून एकेक उत्तर चिकटवायला घेतलं. अकरावा प्रश्न होता, सध्या खेळताना काय अडचण येते. त्यानं लिहिलं होतं, "प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाची गरज पडते."

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं माणूस! मी धावत घरी येते, माझ्या अंगठ्यानं बटणावरच्या खुणा पुसून गेल्या, अन् मी अडचण? राग ओसरला तसं त्याखालचं खरं वर आलं. मी घाबरले होते. हा रिमोट आला की हा एकटा खेळेल. मी स्वयंपाकघरात असेन, अन् आमच्यात पुन्हा जेवलास का, तर हो. मी अर्ज तसाच अर्धवट जतन करून ठेवला अन् संध्याकाळी त्याला सांगितलं, भरला.

दहा दिवस त्यानं माझा जीव खाल्ला. पावती कुठाय? मी म्हणायची, सर्व्हर बंद आहे, येईल. लोकांना पावती सांभाळा म्हणून दम देणारी मी, घरी रोज नवी थाप मारत होते. अन् तो मानत होता, हे सगळ्यात वाईट.

शेवटच्या दिवशी दुपारी नेरकडच्या तांड्यावरचे देवसिंगभाऊ दुकानात आले. त्यांच्या निकिताचा वसतिगृहाचा अर्ज गावातल्याच कोणीतरी भरून दिला होता, पण यादीत पोरीचं नाव नव्हतं. मी उघडून पाहिलं. सगळं बरोबर भरलेलं, फक्त शेवटचं बटण दाबलेलं नाही. तारीख गेलेली. माझा पारा चढला.

"कोण होता तो? एक बटन दाबाले काय त्याचा हात मोडला होता?" मी ओरडले. "लेकरू आस लावून बसलं अन् यानं नुसतं ठेवून देलं?"

माझेच शब्द माझ्या कानात गेले अन् मी कपाळाला हात लावला. देवसिंगभाऊंना वाटलं, माझी तब्येत बिघडली. दुसरी फेरी उघडेल तेव्हा मी स्वतः निकिताचा अर्ज भरीन, असं त्यांना सांगितलं अन् त्यांना तिथंच बसवून राजदीपचा अर्ज उघडला. पाचला मुदत संपत होती, साडेचार झाले होते. बाराव्यापासून चोविसाव्यापर्यंतची उत्तरं न वाचता भराभर चिकटवली. शेवटचं बटण दाबलं तर समोर आलं, अर्जदाराच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. मोबाइल घरी, राजदीपच्या हातात. आता चोरून काही करायची सोयच उरली नाही. मी फोन लावला.

"तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असन. सांगा लवकर."

"कायचा ओटीपी?"

"रिमोटच्या अर्जाचा."

तो म्हणाला, "तो तर तू दहा दिवसांआधी भरला म्हणे."

"नव्हता भरला. अर्धा ठेवून देलता. मुद्दाम."

"काहून?"

सर्व्हर, लाइट, नेट, कितीतरी थापा तयार होत्या. एकही तोंडात आली नाही. देवसिंगभाऊ समोर बसलेले, मागं दोन बाया उभ्या, तरी मी बोलून गेले. "तुले एकट्याले खेळता आलं तर माही गरज राहणार नाही म्हणून. त्या एका तासात तू माह्याशी बोलतो, राजदीप. तो तास मले पाह्यजे. तू लिहिलं, दुसऱ्या माणसाची गरज पडते. मले लय लागलं ते."

पडद्यावर ओटीपीची मिनिटं उलटी पळत होती. सहा राहिली, पाच राहिली.

"तेविसावं वाचलं का?" त्यानं विचारलं.

"नाही. चिकटवलं."

"वाच."

"अरे वेळ नाही, आधी आकडा सांग."

"आधी वाच. नाहीतर नाही सांगत."

हा हट्टी माणूस! मी वर सरकवून तेविसावा प्रश्न काढला. नव्या रिमोटकडून तुमची सर्वात मोठी अपेक्षा कोणती? त्याखाली त्यानं एका अंगठ्यानं लिहिलं होतं:

"आमच्या घरी डावी बाजू मी धरतो, उजवी माझी बायको. चालायचं काम डाव्या बाजूला असतं. म्हणून कुठं जायचं ते नेहमी मीच ठरवतो. ती दोन वर्षांपासून माझ्या मागं उड्या मारते अन् दरवाजे उघडते. तिला एकदाही स्वतःच्या मनानं चालता आलं नाही. मला एका हाताचा रिमोट मिळाला तर आमचा जुना रिमोट पूर्ण तिचा होईल. मग पडद्यावर दोन माणसं राहतील. आतापर्यंत मी तिच्या हातानं खेळलो. मला तिच्याबरोबर खेळायचं आहे."

त्याखाली चोविसावा प्रश्न, घरात दुसरा खेळाडू आहे का. नाव, उर्वशी राजदीप मेश्राम. अनुभव, दोन वर्षं. चालण्याचा अनुभव, नाही.

मला रडू आवरेना. मागच्या बाया माझ्याकडं पाहत होत्या, पाहू देत. ओटीपीची वेळ केव्हाच संपली होती. मी दुसरा मागवला. राजदीपनं एकेक आकडा सावकाश सांगितला, लहान पोराला सांगावा तसा, अन् मला पडदा नीट दिसत नव्हता म्हणून देवसिंगभाऊंनी वाकून तपासला. चार वाजून बावन्न मिनिटांनी अर्ज गेला.

"राग आला मले," फोन ठेवताना राजदीप म्हणाला. "घरी ये."

घरी गेले. तो खरंच रागावला होता, अन् मी त्याला रागावू दिलं. दहा दिवस खोटं बोललीस, म्हणाला. मी हो म्हटलं. परत असं करू नको, म्हणाला. मी नाही करणार म्हटलं. चहा झाला. सासूबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहून विहाराच्या बाजूला फिरायला जाते असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या. वीस जणांत त्याचं नाव लागेल की नाही ते पुढच्या महिन्यात कळणार आहे. मला काही भरवसा नाही, देश मोठा आहे.

मी सवयीनं त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले अन् माझी अर्धी बाजू धरायला हात पुढं केला. त्यानं अख्खा रिमोट माझ्या मांडीवर ठेवला अन् आपला हात काढून घेतला.

"अन् तू?" मी विचारलं.

"मी पाहतो."

दोन्ही हातांत धरल्यावर तो रिमोट मला वेगळाच वाटला. पडद्यावर आमचा माणूस रोजच्या माळरानावर उभा होता. समोर रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. माझा डावा अंगठा दोन वर्षांत पहिल्यांदाच दांडीवर होता.

"कुठं जाऊ?"

"मले कायले विचारते?" राजदीप म्हणाला. "तुले जिकडं जायचं तिकडं जा."

मी नदीकडं निघाले.