मधुकररावांच्या लॅपटॉपला झालेला विटाळ

मधुकररावांच्या कॉम्प्युटर सेंटरात पाय ठेवायला जागा नव्हती. समुद्रपूरचा अर्धा बसस्टँड खिडकीला लोंबकळत होता. टेबलावर उघडा लॅपटॉप, त्यावर लाल कापड, कापडावर लिंबू आणि समोर डोळे मिटून चंद्रभान महाराज.

"ओम तरंग, चल तरंग, सोड तरंग!"

महाराजांनी वायर उपटली, बॅटरी काढून अंगाऱ्यात लोळवली, एकशे आठ वेळा मंत्र पुटपुटले, बॅटरी परत बसवली आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत पडद्याच्या कोपऱ्यात नेटची खूण उमटली.

"आलं! नेट आलं!" शेजारच्या आनंदाबाईंनी लॅपटॉपलाच हात जोडले.

जून २००९. मी, ज्योत्स्ना, इथल्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वाय-फाय असलेली गावातली ही एकच जागा. लॅपटॉपवर विंडोज नव्हे, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली. आठवड्यापासून नेट वारंवार बंद पडत होतं आणि महाराजांचं निदान ठरलेलं होतं: पोरींचा विटाळ. मधुकररावांनी दारावर कागदी पाटी लावली, 'मुलींना प्रवेश बंद'.

त्या पाटीखाली काजल उभी होती. शेतमजूर रामाजींची मुलगी. नर्सिंगचा ऑनलाईन फॉर्म भरायची मुदत आज पाचपर्यंत. वर्ध्याला जाऊन भरावा, तर तिथली बस निघून गेली होती. साडेतीन वाजले होते आणि माझी नजर घड्याळावरून हलत नव्हती.

"महाराज, आता नेट आलं. हिला बसू द्या."

"पुन्हा विटाळ होईन! आन् झाकण उघडंच ठेवा, देवाची नजर अडली नाई पायजे."

"मॅडम," काजल दारातूनच बोलली, "माह्या हातानं नाई जात नेट. मी तीन दिवस इथूनच पाहून राह्यली. काका जेवाले जातात तवा झाकण लावतात. परत येऊन उघडलं का नेट गेलेलं असते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"महाराज, तुमचे हात तर पवित्र. तुम्हीच झाकण लावा न् उघडा."

महाराजांनी हात मागे घेतला. "मंत्र मोडते."

"एवढ्या मंत्रावर भरोसा नाई का? भेता काऊन?" आनंदाबाईंनी विचारलं.

आता पर्यायच नव्हता. महाराजांनी झाकण लावलं. उघडलं. नेट गायब.

"पोरीची सावली पडली!" महाराज ओरडले.

"उंबरा नाई ओलांडला म्या!" काजलनं पायाखाली बोट दाखवलं. "सावली कुठून पडन?"

सव्वाचार. मी मधुकररावांकडे वळले. "दुरुस्तीला तुमचा पासवर्ड लागेल. मंत्र नाही, बॅटरी काढणं नाही. द्याल?"

ते महाराजांकडे पाहत राहिले, मग काजलकडे. "ये व पोरी, बस," ते म्हणाले आणि पासवर्ड टाकला.

मी सांगितलेल्या दोन ओळी काजलनं टाईप केल्या. पहिलीनं वायरलेसचा ड्रायव्हर काढला, दुसरीनं परत घातला. खूण उमटली.

"झाकण लावलं की मशीन झोपतं," मी सांगितलं. "उघडलं की जागं होतं, पण वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा दुभाषा, नीट उठत नाही. महाराज बॅटरी काढतात तेव्हा मशीन पूर्ण बंद पडून नव्यानं सुरू होतं. मग दुभाषाही ताजा. लिंबू नसतं तरी चाललं असतं."

झोपण्याआधी ड्रायव्हर आपोआप निघावा आणि उठल्यावर परत यावा, अशी ओळही काजलनं एका फाईलमध्ये लिहून ठेवली. या वेळी झाकण आनंदाबाईंनी लावलं. उघडलं. नेट जागेवर! सगळे महाराजांकडे वळले.

"झाकणाचं तुमाले ठाऊक होतं न?" मधुकररावांनी विचारलं. "म्हणून उघडं ठेवा म्हणत होते?"

महाराज अंगाऱ्याची पुडी बांधायला लागले. "हिंगणघाटले रेडिओ दुरुस्त करत होतो मी, मशीनीचं थोडं कळते," एवढंच ते बोलले.

चार बावन्नला फॉर्म गेला. पावतीचा कागद हाती येताच काजलनं त्यावरचं आपलं नाव दोनदा वाचलं. पाटी मधुकररावांनी स्वतः फाडली. ऑगस्टमध्ये काजलला नर्सिंगला प्रवेश मिळाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादी गोष्ट का बिघडली हे कळत नसेल, तर 'कळत नाही' म्हणा. त्यात लाज नाही. बिघाड मुद्दाम पुन्हा घडवून पाहा, एकेक कारण वगळून पाहा. पण कारण सापडेपर्यंत दोष कुठल्या मुलीच्या माथी मारू नका. तोपर्यंत तिचे पाच वाजून गेलेले असतात.