गव्हात रुतलेला मेव्हणा

"खालची झडप उघडा! गहू वाहून जाईल, माणूस मोकळा होईल!" गिरणीमालक अंगणातून ओरडत होता. ओरडायला इतकी सुरक्षित जागा दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती.

पत्रेवाला शिडीच्या टोकाला, धान्याच्या उंच कोठीच्या तोंडाशी पालीसारखा चिकटला होता. आत त्याचा मेव्हणा गव्हात छातीपर्यंत रुतलेला. गच्च बसलेला गहू काठीनं मोकळा करायला उतरला आणि पायाखालचा गहूच सरकला.

"झडपेला हात लावाल तर खबरदार!" विहिरी खणणारा म्हातारा गरजला. "खालून काढलं की वरचं खाली जातं. माणसासकट. वाळूत माझे दोन गडी असेच गेले."

मग दोर टाकून चौघांनी ओढलं. मेव्हण्यानं अशी किंकाळी फोडली, की पत्रेवाल्यानं शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"सोडा रे मेल्यांनो!" सुईण मावशी पदर खोचून वर आली. "अडलेलं असं ओढतात होय? तुटेल ना तो! बाबा, हात छातीशी धर. श्वास पुरता सोडू नकोस, गहू तेवढी जागा खातो."

"वाळूत आम्ही आधी कडं उतरवतो, मग आतली वाळू उपसतो," म्हातारा म्हणाला. "याच्याभोवती कडं पाहिजे. पत्र्याचं."

सगळ्यांनी पत्रेवाल्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" पत्रेवाला म्हणाला.

"माझा भाऊ आहे तो," खालून बायको म्हणाली. "त्याला वर आणलं नाहीत, तर तुम्हीही येऊ नका."

त्यानं चार पत्रे कापले, एकाची कड दुसऱ्याच्या कडेत सरकेल अशा कडा मुडपल्या. पण त्या जुळवायच्या होत्या कोठीत उतरून, आणि ती कला त्याच्या एकट्याच्याच हातात. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हुशारीचा राग आला.

गव्हावर फळी टाकून तो पालथा पडला. "ठोकू नको," म्हातारा वरून सांगत होता, "हलवत हलवत दाब." तिसऱ्या पत्र्याला गहू सुर्रकन सरकला. मेव्हण्याच्या गळ्याशी आला.

"दाजी, मला तुमची भीती वाटतेय."

"मलाही माझीच वाटतेय. गप्प राहा."

चौथा पत्रा बसला. गहू थांबला. मग पत्रेवाला डबड्यानं कड्यातला गहू उपसू लागला. छाती दिसली, कंबर दिसली, मावशी वरून "आता हळू, आता थांब" म्हणत राहिली. गुडघे मोकळे झाले, तसा मेव्हणा दोरानं अलगद वर गेला. अंगणात एकच गलका उठला. शिडी रिकामी झाली.

कोठीत पत्रेवाला एकटाच उरला. त्याच्या पोटाखालची फळी वीतभर सरकली. ओरडावं, तर आवाजानंही गहू हलेल असं वाटलं. त्यानं तोंड मिटलं आणि मावशीनं मेव्हण्याला सांगितलं तसा, श्वास पुरता न सोडता धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं वर मावशीचं डोकं दिसलं.

"बाळ बाहेर आलं की सगळे त्याच्यामागं धावतात," दोर खाली सोडत ती म्हणाली. "मागं काय राहिलं, ते मलाच बघावं लागतं."