उबेला ठेवलेला गिरमिट

मी एक जुना गिरमिट आहे. सुताराच्या पेटीतला नव्हे मित्रांनो, बर्फाचा. मला उभे केले तर मी ताउनोच्या छातीला लागतो. वर दोरी ओढून सुरू करायचे पेट्रोलचे इंजिन, दोन बाजूंना दोन मुठी, खाली वळ्यावळ्यांचा पोलादी दांडा आणि टोकाला दोन पाती. तळे गोठले की हातभर जाडीच्या बर्फाला मी भोक पाडायचे, मालकाने त्यातून गळ सोडायचा आणि पालथ्या बादलीवर बसून राहायचे. अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, कुर्की तळ्याच्या काठी, हिवाळा म्हणजे एवढेच काम. आता मी थकलो आहे. जे सांगायचे ते बसून सांगतो. म्हणजे लटकून सांगतो, कारण मी खिळ्याला टांगलेला आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. लाल रंगाचा उग्र वास आठवतो, माझे स्क्रू आवळणारे कुणाचे तरी हात आठवतात, आणि मग अंधारा खोका. खरे आयुष्य सुरू झाले ते लेंपीने खोका फाडला तेव्हा. लेंपी ही ताउनो कांगासची बायको. नवऱ्याच्या पन्नाशीला तिने मला घरी आणले आणि म्हणाली, "आता पुरे झालं हाताने बर्फ खोदणं. तू खोदतोस आणि पाठ मला चोळावी लागते."

ताउनो मला चालवायचा, पण सांभाळायची लेंपी. पेट्रोलमध्ये ऑइल तीच मोजून मिसळायची. टाकी गळ्यापर्यंत भरायची. हिवाळा सरला की उरलेले पेट्रोल संपेपर्यंत मला चालवायची, पाती पुसायची आणि बाहेरच्या शेडमध्ये या खिळ्याला टांगायची. शेडला दार असे नव्हतेच. वारा आरपार. हिवाळ्यात तळ्यावरून आल्यावरही माझी जागा तीच. "याला आत आणू नकोस," एवढेच ती नवऱ्याला बजावायची. का, ते तिने कधी सांगितले नाही आणि त्यानेही कधी विचारले नाही. घरात ज्याचे त्याचे काम वाटलेले असते, तसे.

त्या वीस हिवाळ्यांत माझे नाव झाले होते. "ताउनोचं यंत्र तिसऱ्या झटक्याला बोलतं," असे लोक म्हणायचे. त्यांची मुलगी काइसा हिच्या लग्नात जे माशांचे दुधातले सार झाले, त्यातला प्रत्येक मासा माझ्या भोकातून वर आला होता. मला तर वाटते, सारापेक्षा माझेच कौतुक जास्त झाले.

मग एका मार्च महिन्यात लेंपी गेली.

पुढच्या हिवाळ्यात ताउनोने मला तळ्यावर नेले. परत आल्यावर शेडपाशी थांबला, खिळ्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "इतक्या गारठ्यात एकट्याने कशाला राहायचं," असे पुटपुटला आणि मला उचलून सौनात घेऊन गेला. सौना ही या फिनिश लोकांची वाफ घेण्याची लाकडी खोली. आत तापलेले दगड, त्यांवर पाण्याचा सपकारा, आणि बाहेर कपडे काढायची एक छोटी उबदार खोली. त्या बाहेरच्या खोलीतल्या बाकावर ताउनोने मला ठेवले. पूर्वी तिथे लेंपी बसायची. शनिवारी वाफ घेऊन आला की तो माझ्या शेजारी बसायचा. टॉवेल खांद्यावर टाकून कधी बोलायचा, कधी नुसताच बसायचा.

मित्रांनो, मला ते आवडले. खोटे कशाला सांगू? पण त्याच हिवाळ्यापासून मी बिघडत गेलो. थंडीत सुरूच होईना. दहा झटके, पंधरा झटके. हवा अडवणारा चोक ओढ, चोक सोड. प्लग काढला तर ओला आणि काजळीने काळा. ताउनोने नवा प्लग घातला, नवे पेट्रोल आणले. दोन दिवस बरा चालायचो, की पुन्हा तेच. आणि मी जितका अडायचो तितका तो मला जास्त जपायचा. आणखी उबेला ठेवायचा, वरून लेंपीची शाल पांघरायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, माझी दोरी ओढता ओढता त्याचा खांदा निखळला. बर्फावर पडला तो उठेचना. शेजारचा स्वीडिश आर्विड आपल्या भोकापाशी बसला होता, म्हणून निभावले.

काइसा डुलुथ शहरातून तडक आली. जानेवारीत पुन्हा आली ती आईची जुनी सुटकेस माळ्यावरून काढायलाच.

"बाबा, तू माझ्याकडे चल. इथे एकटा नाही राहायचं."

"यंत्र जुनं झालंय, मी नाही झालो."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? तीन झटके. चौथा नाही."

ताउनो इरेला पेटला. "ठीक आहे. उद्या तीन झटक्यांत हा सुरू झाला तर मी इथेच राहणार. नाही झाला तर परवा सुटकेस भर. मी हूं की चूं करणार नाही."

म्हणजे त्याचे घर, त्याचे तळे, सगळे माझ्या गळ्यात आले. आणि माझ्या अंगात काय होते, ते माझे मला ठाऊक होते. सांगायला तोंड नव्हते.

शनिवारी सकाळी बर्फावर तीन झटके झाले. मी हूं नाही केले की चूं नाही केले.

आर्विड आपले बॅटरीचे यंत्र काखोटीला मारून हजर होताच. "माझं बघ. बटण दाबलं की झालं. तू अजून दोरीच ओढत बस."

"स्वीडिश माणसाला बटण दाबण्यापलीकडे येतं काय?"

"दाबता तरी येतं. तुला ओढताही येईना!"

"आर्विडकाका, भांडू नका, बघा जरा," काइसा म्हणाली. ताउनोने हरावे, असे बहुधा तिलाही वाटत नव्हते.

आर्विडने प्लग काढला, वास घेतला. "ओला आहे. पण ठिणगी चांगली पडतेय. पेट्रोल कधीचं?"

"गेल्याच आठवड्यातलं. अर्धी टाकी आहे."

"मग चोक जास्त ओढत असशील."

"तेवीस वर्षं ओढतोय!"

तिघांनी आपापली अक्कल चालवली आणि शेवटी आर्विड मान हलवून घरी गेला. पठ्ठ्याला यंत्रातले सगळे कळायचे. फक्त मी रोज कुठे झोपतो, ते त्याला माहीत नव्हते. चाळीस वर्षांच्या शेजारात ताउनोने त्याला सौनात कधी बोलावलेच नव्हते. स्वीडिश माणसाला वाफ काय कळणार, असे तो म्हणायचा. सुरुवातीला थट्टेत म्हणायचा, मग तशीच पद्धत पडून गेली.

ताउनोने मला नेहमीसारखे बाकावर ठेवले, शाल घातली. आत भट्टी पेटलेली होती. थोड्या वेळाने काइसा टॉवेल घेऊन आली. बाहेर उणे वीस आणि खोलीत उन्हाळा. दारातून पाऊल टाकताच तिचा चष्मा धुक्याने भरून गेला. तिने तो काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. पुन्हा धुके. पुन्हा पुसला. आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. शाल जरा सरकली होती. माझे सगळे अंग घामाने डवरले होते. टाकीवरून, मुठींवरून थेंब ओघळत होते.

ती चष्म्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"बाबा! याला इथे कधीपासून ठेवतोस?"

ताउनो आतून आला. "तुझी आई गेल्यापासून," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तिथे शेडमध्ये वारा फार असतो गं."

काइसा मला उचलून तडक अंगणात घेऊन गेली. भट्टीपासून लांब, मोकळ्यावर. आर्विडला हाक मारली. टाकीचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूलाही थेंब. झाकणाला हवा आत जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढे भोक असते, त्यात बर्फाचा खडा. माझे पेट्रोल तिने काचेच्या बरणीत ओतले. वर निळसर पेट्रोल आणि तळाशी स्वच्छ पाण्याचा बोटभर थर.

"बघ बाबा. गार लोखंड उबेत आणलं की त्याला घाम फुटतो. बाहेरून आणि आतूनही. अर्धी टाकी रिकामी, त्यात ही वाफाळलेली हवा. सकाळी बाहेर नेलं की त्या पाण्याचा बर्फ. नळीत, कार्बुरेटरमध्ये, झाकणात. हा सुरू होणार कसा?"

ओल्या दुपट्यात गुंडाळून निजवलेल्या बाळासारखी माझी गत झाली होती, मित्रांनो. गुंडाळणाऱ्याची माया खरी, आणि बाळाचे रडणेही खरे.

आर्विड कमरेवर हात ठेवून उभा. "वाफेच्या खोलीत पेट्रोलचं यंत्र! अरे, मला एकदा तरी सौनात बोलावलं असतंस, तर पहिल्याच शनिवारी सांगितलं असतं!"

ताउनो बरणीतल्या त्या पाण्याकडे बघत होता. "म्हणून ती आत आणू द्यायची नाही," एवढेच म्हणाला.

मग मला रिकामे केले. नळी काढून फुंकली, कार्बुरेटर उघडून पुसून कोरडा केला, लेंपीच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणून झाकणाचे भोक मोकळे केले. कोरडा प्लग बसवला. ताज्या पेट्रोलने टाकी गळ्यापर्यंत भरली. आणि दोन वर्षांनंतर मला या खिळ्याला टांगले. जाताना ताउनोने शाल पुढे केली. काइसाने ती हलकेच त्याच्याच खांद्यावर टाकली.

रविवारी सकाळी पुन्हा त्याच तीन झटक्यांसाठी तिघे बर्फावर आले. ताउनोने पाय रोवले.

पहिला झटका. "एक," काइसाने मोजले. काही नाही.

दुसरा झटका. मी खोकलो, एकदाच, आणि विझलो. ताउनोचा हात सवयीने चोक ओढायला गेला.

"आता चोक सोड!" काइसा ओरडली. "खोकला ना तो? आता त्याला हवा पाहिजे!"

त्याने चोक आत ढकलला. दोरी हातात धरून क्षणभर उभा राहिला. मी जुना आहे, माझी पाती झिजली आहेत, मला आता कुणाचे कौतुकही नको. पण त्या क्षणी मला सुरू व्हायचे होते.

तिसरा झटका.

मी असा गरजलो की काठावरचे कावळे उडाले. निळा धूर, पांढरा भुसा, आणि हातभर बर्फ कापून खालचे काळे पाणी भस्सकन वर आले. आर्विडने टोपी काढून हवेत उडवली आणि लगेच, कुणी बघितले तर नाही ना अशा चेहऱ्याने, पुन्हा डोक्यावर घातली.

ताउनोने मला बंद केले. धापा टाकत तो लेकीला म्हणाला, "आता ती सुटकेस वर ठेव."

काइसाने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "सकाळीच ठेवली. तू उठायच्या आधी."

"मग मघाशी झटके कशाला मोजत होतीस?"

"तुझ्या खांद्यासाठी." तिने त्याच्या हातातला गळ घेतला. "आणि आर्विडकाका, येत्या शनिवारपासून तुम्ही सौनात यायचं. बाबांनी बोलावलंय."

"मी? मी कधी—" ताउनो म्हणाला आणि थांबला. मग भोकाकडे बघत म्हणाला, "टॉवेल आपला आण म्हणजे झालं."

मित्रांनो, आता दर शनिवारी माझ्या जागी बाकावर आर्विड बसतो. दोघांचा वाद शेडपर्यंत ऐकू येतो. मी इथे खिळ्याला, वाऱ्यात, कोरडा आणि गार. थकवा जात नाही, तो आता माझाच झाला आहे. पण पोटात पाणी नाही.

तुम्हीही तुमची यंत्रे जपा. सायकल असो, शिलाई मशीन असो, आजोबांची स्कूटर असो. पण जपण्याआधी एकदा विचारा, याला नेमके काय सोसत नाही? मला ऊब सोसत नाही. ती कुणाला हवी असते, ते बघा. बहुतेक वेळा तो माणूस तुमच्या शेजारीच राहत असतो, चाळीस वर्षे, आपला टॉवेल घेऊन तयार.