दूध संघातला पोहण्याचा नियम

मित्रांनो, मी एक जुनी नियमपुस्तिका आहे. मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला, तोही आगबोटीच्या कंपनीसाठी. खलाशांनी कसे वागावे, रजा कशी मागावी, कप्तानापुढे कसे उभे राहावे, हे सारे माझ्या पोटात होते. पुढे कंपनी बुडाली आणि मी रद्दीतून फिरत फिरत परभणीच्या बाजारात शेंगदाण्याच्या पुड्यांसाठी येऊन पडले.

तिथे मला नागनाथ कारकून भेटले. पूर्णेच्या एका लहानशा दूध संघात ते कामाला होते. साल शहाऐंशी. नोकरांसाठी लेखी नियम करा, असा वरून हुकूम आला होता आणि असे नियम कसे असतात, हे संघात कोणालाच ठाऊक नव्हते. मला चाळताच नागनाथ ओरडले, "घावलं! नुस्ती नावं बदलायची!"

त्यांनी कप्तान खोडून चेअरमन लिहिले, जहाज खोडून संघ, खलाशी खोडून नोकर. 'वादळात सुकाणू सोडू नये' याचे 'वादळात म्हैस सोडू नये' झाले. मला हसू येई, पण नव्या शाईचा तोराही वाटे. चेअरमन दिनकररावांनी न वाचताच सही ठोकली. मला हळदकुंकू वाहिले. मित्रांनो, एवढा मान मला मुंबईतही मिळाला नव्हता.

एक नियम मात्र नागनाथांच्या नजरेतून सुटला होता. 'पोहता न येणाऱ्यास कामावर ठेवू नये.'

दिनकररावांना आपला भाचा बन्सीधर याला संघात चिकटवायचे होते, पण जागा रिकामी नव्हती. दुधाचे कॅन धुणाऱ्या सरजाबाईला काढायला निमित्त हवे म्हणून त्यांनी मला पहिल्यांदाच उघडले आणि त्यांचे डोळे लकाकले.

"सरजाबाई, तुला पवता येतं का? उद्या नदीवर परीक्षा. न्हाई आलं तर काम बंद."

"कॅन धुवायला पवायचं कशाला, मालक?"

"नियम हाय. छापील हाय!"

तिच्या पगारावर घर चालत होते. मला माझ्याच शाईची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी निम्मे गाव नदीवर लोटले. नागनाथ मला छातीशी धरून काठावर उभे होते. सरजाबाईने पदर खोचला, उडी घेतली आणि पैलतीराला हात लावून परत आली.

"माजं माहेर गोदागंगंच्या काठाचं हाय," केस पिळत ती म्हणाली. "आता माज्या जागंवर येणाऱ्या तुमच्या भाच्याला उतरवा की. नियम सगळ्यालाच हाय न्हवं?"

लोक हसायला लागले. बन्सीधर चिडून पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. "आरं, धरा त्याला!" म्हणत मामा वाकले, तेही गेले. सरजाबाईने भाच्याला कॉलर धरून आणि मामांना धोतर धरून काठावर आणले.

"नागनाथ," पाणी ओकत दिनकरराव म्हणाले, "तो नियम आत्ताच्या आत्ता खोड!"

"थांबा," सरजाबाई म्हणाली. "आधी मला कायम केलं म्हणून लिवा. मग खोडा."

नागनाथांनी काठावरच लिहिले. मालकांची सही जरा ओली उमटली.

त्यानंतर माझा एकेक नियम नोकरांना बसवून मोठ्याने वाचला गेला आणि त्यांच्या सांगण्यावरून नवेही लिहिले गेले. 'कॅन धुणाऱ्यास रबरी बूट द्यावेत' हा माझा पहिला अस्सल पूर्णेचा नियम.

मित्रांनो, दुसऱ्याचे नियम उचलायचे तर खुशाल उचला. पण आधी शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांना ते पाळायचे आहेत त्यांनाही विचारा. आता मी कपाटात पडून असते. जमल्यास उंदरांसाठीही एखादा नियम करा. रजेच्या प्रकरणापर्यंत ते पोहोचले आहेत.