पुदिना कापायचं हवामान

पुदिना फुलावर आला की कापायचा. चार दिवस सलग ऊन हवं, पानावरचं दव सुकलेलं हवं. मध्येच पाऊस झाला तर थांबायचं, म्हणजे पानात तेल पुन्हा भरतं. कधी कापायचा ते बायको ठरवायची. मी तेलाची भट्टी सांभाळायचो. या वर्षीची लावण तिनंच केली आणि त्यानंतर ती वारली.

फुलं आली. मी म्हटलं, ढग आहेत, थांबू. ढग गेले. म्हटलं, दव फार पडतंय. मग म्हटलं, वारा सुटलाय, तेल उडून जाईल.

मेव्हणी मदतीला येऊन राहिली होती. एका सकाळी बांधावर उभी राहून म्हणाली, "दाजी, आभाळ पुसून ठेवल्यासारखं आहे. आज काय सांगणार? सूर्य वाकडा उगवलाय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. खालची पानं पिवळी पडून गळताहेत, तेवढं दिसतं. ताईनं तेलासाठी लावला होता ना? का तुम्हाला बघत बसायला?"

ती जवळ आली.

"तिच्या हातचा शेवटचा, म्हणून ना?"

मी मान हलवली.

"मग असा वाया घालवू नका, दाजी."

ऊन चढल्यावर विळा घेतला. पहिली मूठ धरली आणि हात चालेना. मेव्हणी शेजारच्या ओळीत बसली आणि बहिणीच्या चुगल्या सांगू लागली. ताई लहानपणी कामं टाळायला पुदिन्याच्या वाफ्यात लपायची आणि अंगाच्या वासावरून सापडायची. एवढा संसार झाला, पण हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मला हसू आलं. ओळ कधी संपली कळलं नाही.

कापलेला पुदिना उन्हात जरा सुकवला, टाकीत दाबून भरला, खाली जाळ केला. नळीतून पाणी ठिबकू लागलं, त्यावर तेल तरंगू लागलं. थर अगदी पातळ होता.

"कमी आलं," मी म्हटलं. "वेळेवर कापला असता तर बरंच आलं असतं."

"ताई चिडली असती?"

"चांगलीच. बोलणं बंद केलं असतं."

"आणि मग?"

"मग आपणच येऊन इथं भट्टीपाशी बसली असती."

मी जाळात लाकूड सारलं आणि थोडा बाजूला सरकलो. मेव्हणी शेजारी टेकली.

"सांगा ना अजून," ती म्हणाली.