बाणाची बाजू

"या, दगडांच्या मालकीणबाई! आता आणखी काय कापायचं राहिलंय?" कार्यशाळेच्या दारातच काकांनी मला हटकलं.

"शेवटची चकती, काका. प्रबंधाच्या मुखपृष्ठासाठी. चार दिवसांत द्यायचाय."

"मागच्या वर्षीपासून शेवटचीच चाललीय तुझी."

काका आमच्या भूशास्त्र विभागात दगड कापतात. दगडाची फळी काढायची, एक बाजू घासून ती काचपट्टीवर चिकटवायची, मग दगड इतका पातळ करायचा की उजेड आरपार जावा. अशा एकेचाळीस चकत्या त्यांनी मला करून दिल्या होत्या. एकेक दगड मी डोंगराच्या अंगावरून आणलेला. चढताना श्वास मोजत चढले, उतरताना गुडघे सांभाळत उतरले, आणि दगड फोडण्याआधी प्रत्येकाच्या पूर्व अंगावर उत्तरेचा बाण काढला. सगळी मदार त्या बाणावर. डोंगर घडताना खडकाचा वरचा थर खालच्यावरून सरकतो, आणि मधले गार्नेटचे डाळिंबी दाणे तळहातांत गोळी वळावी तसे वळत जातात. दाणा कुठल्या अंगाला वळला त्यावरून थर कुठे सरकला ते कळतं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, दक्षिणेकडे. माझे दाणे म्हणाले, उत्तरेकडे. सर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि भरल्या सभागृहात म्हणाले, "मी चुकलो होतो. ही बरोबर आहे." आईला फोन केला तर ती म्हणाली, "म्हणजे दगड उजवलेस एकदाचे!"

काकांनी नवी फळी घेतली. माझ्या लाल बाणावरची धूळ अंगठ्याने हळूच पुसली. मग फळी पालथी घालून मागची बाजू घासायला लागले.

"काका, बाणाची बाजू काचेला लावतात ना?"

"बाकीच्यांची लावतो. पण त्यात बाण घासून जातो गं. इतरांचे गेले तर गेले, कोंबडीने पाय ओढल्यासारखे असतात. तू किती जीव लावून काढतेस! ते खरवडायचं जिवावर येतं. म्हणून तुझी मागची लावतो. दगड तोच ना शेवटी?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. सगळे जपून ठेवलेत." त्यांनी मांडणीवरचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. एकेचाळीस तुकडे, एकेचाळीस लाल बाण. एकावरही ओरखडा नव्हता. काका हसत होते. एवढं प्रेमाचं हसू, की काही न सांगता मी डब्याचं झाकण लावून दिलं.

काचेच्या घड्याळाकडे मागून पाहिलं तर काटे उलटे फिरताना दिसतात. बाणाची पूर्वेची बाजू खाली काचेला चिकटलीय आणि मी वरून, म्हणजे पश्चिमेकडून बघतेय असं समजून तीन वर्षं मी पूर्वेकडून बघत होते.

खोलीपर्यंत कशी आले, आठवत नाही. पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली पालथी घातली. दाणा उलटा वळला. दुसरी घातली. तोही. तिसरी, चौथी. सातव्या काचेनंतर थांबले. प्रबंधाची पाच प्रकरणं त्या वळणावर उभी होती.

काच घेऊन सरांकडे गेले. त्यांच्या भिंतीवर त्यांचाच जुना नकाशा आहे. त्यावरचा बाण त्यांनी पांढऱ्या रंगाने बुजवून स्वतःच्या हाताने नवा काढला होता, माझ्या बाजूचा.

"सर, चकत्या पालथ्या आहेत. सगळ्या. थर दक्षिणेकडेच सरकलाय."

ते हसले. मग माझा चेहरा पाहून थांबले. काच घेतली, बघितली, पालथी घातली, पुन्हा बघितली. चष्मा काढून टेबलावर ठेवायला गेले तर तो खाली पडला. कुणीच उचलला नाही.

"मी स्वतः बघितल्या होत्या गं या," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी."

"मीही."

मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "हे अजून कुणाला माहीत आहे?"

प्रश्न कानावर पडला आणि मी घाबरले. कारण उत्तर सोपं होतं. कुणालाच नाही. काकांनाही नाही. चार दिवस गप्प बसलं की झालं, पदवी हातात.

"आपल्या दोघांना," मी म्हणाले. "पण मी देत नाही, सर. असा नाही देणार."

"नोकरीचं बोलावणं आलंय ना तुला? त्यांना पदवी लागेल."

"लागेल."

सर भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. "तीस वर्षं परत मिळाली मला. आनंद व्हायला हवा. काहीच होत नाहीये बघ."

मग त्यांनी विद्यापीठाच्या कार्यालयाला फोन लावला. "किती दिवस लागतील म्हणून सांगू?"

"वर्ष."

त्यांनी माझा विषय सांगितला, प्रबंध मागे घेतोय म्हणाले. पलीकडच्याला खरं वाटलं नसावं. सरांना पुन्हा म्हणावं लागलं, "हो, हो. तिचाच."