बायस्कोपातली जाड बाई आणि सगुणावहिनी

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. राजूरच्या गणपतीच्या जत्रेत त्या साली पहिल्यांदा बायस्कोपचा तंबू आला. सिनेमा मुका होता. पडद्याजवळ रामकिसन नावाचा माणूस वेताची काठी घेऊन उभा राहायचा आणि चित्रातली माणसं काय बोलतात ते सांगायचा. मधूनच पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची. मला तर तेव्हा मराठीही वाचता येत नव्हतं. रामकिसन सांगेल ते खरं.

आम्ही तिघं गाडीनं आलो होतो. मी, माझा मोठा भाऊ भुजंग आणि त्याची बायको सगुणावहिनी. वहिनी अंगानं भरभक्कम. ज्वारीचं पोतं एकटी पाठीवर घ्यायची, पण लोक तिला बघून हसायचे आणि ते हसणं दादाला लागायचं. त्यानं ठरवून टाकलं होतं, दर्शन झालं की तिला धावड्याला माहेरी सोडायचं ते कायमचं. मग दुसरी बायको करायची. वहिनीला हे माहीत होतं. तिचं गाठोडं गाडीतच होतं. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "भाऊजी, आलेच हाये तर बायस्कोप तरी दाखवा."

दिवेलागणीचा खेळ होता. तंबूत मधोमध दोरी बांधलेली, एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. चित्र विनोदी होतं. एक गोरी, चांगली जाडजूड बाई मोठ्या घरी पाहुणी जाते, खुर्चीत बसते आणि खुर्ची मोडते. सगळा तंबू हसला. रामकिसन रडका आवाज काढून ओरडला, "मेले गं बाई! ह्या म्हशीला कोणी उठवा हो!"

आमच्या गावचा रखमाजी शेजारीच होता. त्यानं दादाला कोपर मारलं. "भुजंगा, तुझी मंडळी कवा गेल्ती रे तिकडं?"

दादानं मान खाली घातली. तेवढ्यात बायांमधून आवाज आला.

"खोटं हाय ते!"

वहिनी उभी होती.

"बाई, तुला इंग्रजी येतं का?" रामकिसननं विचारलं.

"न्हाई येत. तोंड तर दिसतं ना तिचं! रडून न्हाई राह्यली ती. टोपी नीट करून राह्यली."

"मंग काय म्हणते, तूच सांग!"

"ती म्हणते, खुर्ची कच्ची हाय तुमची. सुताराला बोलवा."

तंबू पुन्हा हसला, पण हे हसणं वेगळं होतं. पुढं चित्रात मोटार चिखलात रुतली. चार-पाच किडमिडीत साहेब ढकलून ढकलून दमले. ती बाई बाह्या सारून पुढं आली, तशी सगळ्यांनी वहिनीकडं माना वळवल्या.

"सरका," वहिनी म्हणाली, "जेवलेल्या माणसाचं काम हाय हे!"

एका धक्क्यात मोटार बाहेर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चित्र काढणाऱ्यानं त्या बाईला मूर्ख केलंच नव्हतं. साऱ्यांत तीच हुशार, तीच चपळ. रडका आवाज रामकिसनचा होता.

रामकिसन चिडला. काठी आपटून म्हणाला, "कोणाची बाई हाय ही? घरवाला कोण हाय? जल्दी बाहेर न्या तिला!"

वहिनी खाली बसली नाही. दादा उठला. मला वाटलं, आता हिला ओढत नेतो.

"माझी हाय," दादा म्हणाला. "बोलू द्या तिला. बराबर सांगून राह्यली."

मग शेवटपर्यंत वहिनीच बोलली. रामकिसन पडद्याखाली बसून बिडी ओढत राहिला आणि शेवटी शेवटी तोही हसायला लागला.

बाहेर आल्यावर दादा मला म्हणाला, "धर्मा, गाडी घराकडं घे."

"न्हाई," वहिनी म्हणाली. "गाडी धावड्यालाच जाईल. मला ठेवायचं का न्हाई, ते तुम्ही एकट्यानंच ठरवलं होतं. आता मी बी चार दिवस विचार करते."

दुसऱ्या दिवशी मी तिला माहेरी पोचवलं. दादाला चार दिवस काही धीर निघाला नाही, तिसऱ्याच दिवशी तो धावड्याला गेला. सासऱ्याच्या ओसरीवर वहिनीनं त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, पोटभर जेवू घातलं, आणि मगच त्याच्याबरोबर निघाली.